बालनेत्रवैद्यक

बालनेत्रवैद्यक : जन्मापासून सु. सोळा वर्षे वयापर्यंतच्या मुलांच्या डोळ्यांचे विकार, त्यांचे निदान, चिकित्सा व प्रतिबंध यांचा विचार करणारी नेत्रवैद्यकाची शाखा. या शाखेचा व्यवसाय करणाऱ्या वैद्यास बालनेत्ररोगतज्ज्ञ म्हणतात. तिरळेपणाची चिकित्सा ही पूर्वीपासून या शाखेशी निगडित असल्यामुळे दोन्ही विषय बहुधा एकत्रच शिकविले जातात.

लहान मुलाचा डोळा म्हणजे प्रौढाच्या डोळ्याची केवळ लहान प्रतिकृती नव्हे. नवजात बालकाच्या नेत्रगोलाची पुढून मागे लांबी सु. १७ मिमी. असते व ती वाढत जाऊन प्रौढपणी सु. २४ मिमी. होते. यातील बरीचशी वाढ पहिल्या दोन वर्षांत होते. त्यामुळे आज योग्य असलेला चष्म्याचा नंबर वर्षभराने बदलतो आणि शस्त्रक्रियेत बसवावयाच्या कृत्रिम भिंगाची शक्ती ठरविणे अवघड जाते. मूल आपली तक्रार सांगू शकत नाही. एक डोळा निकोप असेल, तर दुसऱ्याने दिसत नाही हे त्यालाही कळत नाही. परंतु सर्वांत महत्त्वाचा भेद वेगळाच आहे. प्रौढाचा मोतीबिंदू पाच वर्षांनी काढला, तरी दृष्टी बहुधा परत येते. बालकाचा मोतीबिंदू तितक्याच विलंबाने काढला, तर डोळा स्वच्छ होऊनही दृष्टी येईलच असे नाही. या शाखेतील बहुतेक नियम या एका वस्तुस्थितीतून निघाले आहेत.

इतिहास : मुलांच्या नेत्ररोगांचा वेगळा उल्लेख प्राचीन भारतीय वैद्यकात आढळतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कुकूणक या बालकांच्या पापण्यांच्या रोगाचे वर्णन आले आहे. यूरोपात फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी १७४३ मध्ये तिरळेपणावर चांगला डोळा झाकून दुर्बल डोळ्यास काम करावयास लावण्याचा उपाय सुचविला. तिरळेपणावरील स्नायूंची शस्त्रक्रिया बर्लिन येथे योहान डीफेनबाख यांनी १८३९ मध्ये यशस्वी केली. प्रसूतीच्या वेळी मातेकडून होणाऱ्या संसर्गामुळे नवजात बालकांचे डोळे येऊन अंधत्व येत असे. त्यावर लाइपसिक येथील प्रसूतिवैद्य कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास सिल्व्हर नायट्रेटच्या विद्रावाचा थेंब डोळ्यांत घालण्याची पद्धत सुरू केली. त्यांच्या रुग्णालयात या रोगाचे प्रमाण सु. दहा टक्क्यांवरून एका टक्क्याच्याही खाली आले.

विसाव्या शतकातील महत्त्वाचे शोध बरेचसे दक्ष निरीक्षणातून लागले. सिडनी येथील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांच्याकडे एकाएकी जन्मजात मोतीबिंदू असलेली अनेक अर्भके येऊ लागली. मातांच्या बोलण्यातून त्यांना गरोदरपणातील जर्मन गोवराचा (रुबेलाचा) धागा मिळाला व १९४१ मध्ये त्यांनी ७८ बालकांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. गर्भावर विषाणूचा घातक परिणाम होऊ शकतो, हे त्यामुळे वैद्यकास प्रथमच स्पष्टपणे उमगले. १९४२ मध्ये बॉस्टन येथील थिओडोर टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या भिंगामागे वाढणाऱ्या पांढुरक्या पडद्याचे वर्णन केले. मेलबर्न येथील बालरोगतज्ज्ञ केट कॅम्बेल यांनी १९५१ मध्ये त्याचा संबंध उबपेटीतील अतिरिक्त प्राणवायूशी जोडून दाखविला. प्राणवायू फार आखडल्यास बालकाच्या जीवितासच धोका होतो हे नंतर लक्षात आले. तेव्हापासून त्याचे मोजूनमापून नियमन करणे हा नवजात अतिदक्षता विभागातील कळीचा भाग बनला.

स्वतंत्र व्यवसाय म्हणून या शाखेचा प्रारंभ वॉशिंग्टन येथील फ्रँक कॉस्टनबेडर (१९०५–७८) यांच्यापासून मानतात. १९४३ मध्ये त्यांनी आपला व्यवसाय केवळ मुलांपुरता मर्यादित केला. एवढ्या लहान क्षेत्रावर नेत्रवैद्याचा चरितार्थ चालेल, असे त्या काळी फारसे कोणास वाटत नव्हते. त्यांचे शिष्य मार्शल पार्क्स (१९१८–२००५) यांनी तिरळेपणाच्या परीक्षेच्या व शस्त्रक्रियेच्या पद्धती सुधारल्या आणि अनेक देशांतील तरुण वैद्यांना शिक्षण देऊन या शाखेची परंपरा निर्माण केली.

दृष्टीचा विकास व मंददृष्टिता : डोळा प्रतिमा घेतो, पाहतो तो मेंदू. जन्मतः मेंदूतील दृष्टिकेंद्र अपक्व असते आणि दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या स्पष्ट प्रतिमांच्या साहाय्याने त्यातील तंत्रिका-जोडण्या पक्व होत जातात. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझल यांनी मांजराच्या पिलांवर प्रयोग करून १९६३ मध्ये दाखविले, की जन्मानंतरच्या ठराविक काळात एक डोळा बंद ठेवल्यास त्या डोळ्याच्या वाट्याची मेंदूतील जागा दुसरा डोळा बळकावतो व नंतर तो डोळा उघडला, तरी ती स्थिती सहसा पालटत नाही. प्रौढ मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवल्यास असे घडत नाही. या संशोधनाबद्दल दोघांना १९८१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

मानवी बालकात हा निर्णायक काळ पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक तीव्र असून सु. सात-आठ वर्षांपर्यंत त्याचा प्रभाव उतरत्या प्रमाणात टिकतो. या काळात तिरळेपणा, दोन डोळ्यांच्या नंबरांतील मोठा फरक किंवा मोतीबिंदूसारखा अडथळा यांमुळे एका डोळ्याची प्रतिमा सदोष राहिल्यास मेंदू तिच्याकडे दुर्लक्ष करावयास शिकतो. वरकरणी निकोप दिसणाऱ्या डोळ्याची दृष्टी अशा रीतीने मंद राहते. या अवस्थेस मंददृष्टिता म्हणतात. प्रथम योग्य चष्मा देणे व नंतर चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकणे, हा तिच्यावरील मुख्य उपाय होय. अमेरिकेतील बहुकेंद्री चाचण्यांत मध्यम प्रतीच्या मंददृष्टितेसाठी चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनाचे थेंब घालणे पट्टीइतकेच गुणकारी ठरले (२००२) व रोज दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकी उपयुक्त आढळली (२००३). सात वर्षांवरील काही मुलांतही सुधारणा होते, असे नंतर दिसून आल्यामुळे वय उलटले म्हणून उपचार नाकारणे आता योग्य मानले जात नाही.

प्रमुख विकार : (१) जन्मजात मोतीबिंदू : बाहुलीत पांढरी झाक दिसणे हे याचे मुख्य लक्षण होय. आनुवंशिकता, गरोदरपणातील जर्मन गोवर व काही चयापचयाचे विकार ही त्याची ज्ञात कारणे असली, तरी पुष्कळदा कारण सापडत नाही. एकाच डोळ्यात दाट मोतीबिंदू असल्यास शस्त्रक्रिया सु. सहा आठवड्यांच्या व दोन्ही डोळ्यांत असल्यास सु. आठ ते दहा आठवड्यांच्या वयाच्या सुमारास व्हावी, असे मानतात. शस्त्रक्रिया ही उपचाराची सुरुवात असते. त्यानंतर चष्मा अथवा स्पर्शभिंग व पट्टी यांचा उपयोग कित्येक वर्षे करावा लागतो. सात महिन्यांखालील अर्भकांत एका डोळ्याच्या शस्त्रक्रियेत लगेच कृत्रिम भिंग बसविल्याने दृष्टीत विशेष लाभ होत नाही व पुन्हा शस्त्रक्रियेची गरज अधिक पडते, असे अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत आढळले (२०१४).

(२) अकालजात बालकाचा जालपटल-विकार : जालपटल म्हणजे डोळ्याच्या आतील प्रकाशसंवेदी पडदा. त्याच्या रक्तवाहिन्यांची वाढ गर्भावस्थेच्या अखेरीस पूर्ण होते. अपुऱ्या दिवसांच्या बालकात ती अर्धवट राहते व पुढे वेडीवाकडी होऊन पडदा सुटू शकतो. भारतात २,००० ग्रॅ. पेक्षा कमी वजनाच्या अथवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बालकाची नेत्रतपासणी जन्मानंतर तीस दिवसांच्या आत व्हावी, असा दंडक आहे; फारच लहान बालकाची ती दोन ते तीन आठवड्यांतच करतात. वेळीच लेसर-उपचार अथवा डोळ्यात अंतःक्षेपण केल्यास बहुतेक बालकांची दृष्टी वाचते. बाहेरून डोळा अगदी चांगला दिसत असल्यामुळे पालकांना याची कल्पना येत नाही.

(३) अ जीवनसत्त्वाचा अभाव : रातांधळेपणा, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे ठिपके, कोरडेपणा व अखेरीस स्वच्छमंडल (बुबुळावरील पारदर्शक आवरण) विरघळणे, असा याचा क्रम असतो. कुपोषित मुलास गोवर किंवा अतिसार झाल्यास हा क्रम काही दिवसांत पुरा होतो. ॲल्फ्रेड सॉमर यांच्या इंडोनेशियातील अभ्यासात अ जीवनसत्त्वाच्या मात्रा दिलेल्या गावांतील बालमृत्यूंचे प्रमाण इतर गावांपेक्षा सु. ३४ टक्क्यांनी कमी आढळले (१९८६). अशा रीतीने डोळ्याच्या रोगापासून सुरू झालेले संशोधन बालकाच्या जीवितापर्यंत पोहोचले. अळू, माठ, शेवग्याचा पाला, तांबडा भोपळा, पपई, आंबा, दूध व अंडी यांतून हे जीवनसत्त्व अथवा त्याचे पूर्वद्रव्य मिळते.

(४) जालपटलाचे अर्बुद : हा मुलांच्या डोळ्याचा कर्करोग सु. पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बालकात होतो. बाहुलीतील पांढरी चमक हे त्याचेही पहिले लक्षण असते. कधीकधी ती छायाचित्रातच प्रथम दिसते. लवकर आढळल्यास जीव वाचतो व पुष्कळदा डोळाही वाचतो. उशीर झाल्यास डोळा काढावा लागतो आणि रोग डोळ्याबाहेर पसरल्यास प्राणावर बेतते.

(५) तिरळेपणा : पहिल्या तीन-चार महिन्यांत डोळे अधूनमधून तिरके होणे स्वाभाविक असते, त्यानंतर टिकणारा तिरळेपणा तपासून घेणे आवश्यक असते. तो शुभलक्षण आहे किंवा वयाबरोबर आपोआप जातो, या समजुतींमुळे उपचाराची वेळ टळते. काही मुलांत केवळ चष्म्याने डोळे सरळ होतात, तर काहींत स्नायूंवर शस्त्रक्रिया करावी लागते.

(६) इतर विकार : जन्मजात काचबिंदूत बालकाचे डोळे मोठे व पाणीदार दिसतात आणि ते उजेडाकडे पाहत नाही. मोठ्या डोळ्यांचे कौतुक होत असताना आतील तंत्रिका दाबाने नष्ट होत असते. शाळकरी वयात निकटदृष्टितेचे प्रमाण वाढत आहे. उघड्यावर खेळण्याने तिची सुरुवात लांबते, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. उन्हाळ्यात डोळ्यांना खाज सुटणाऱ्या अधिहर्षताजन्य (ॲलर्जीच्या) विकारात वैद्याच्या सल्ल्यावाचून स्टेरॉइडाचे थेंब महिनोन् महिने घातल्यास काचबिंदू होऊ शकतो. विटीदांडू, धनुष्यबाण, फटाके व खाण्याच्या चुन्याची पुडी यांमुळे होणाऱ्या इजा पूर्णपणे टाळता येण्याजोग्या असतात. चुना डोळ्यात गेल्यास तत्काळ भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुणे हा प्रथमोपचार कोणत्याही औषधापेक्षा महत्त्वाचा आहे.

तपासणी व तज्ज्ञाचे शिक्षण : दोन महिन्यांचे बालक आईच्या चेहऱ्यावर नजर स्थिर करते की नाही, एक डोळा झाकल्यावर ते रडून विरोध करते की नाही, अशा साध्या निरीक्षणांतून तपासणीस आरंभ होतो. नेत्रदर्शकाचा प्रकाश बाहुलीवर टाकला असता आतून लालसर चमक परत येते. ती नसणे किंवा दोन्ही डोळ्यांत निरनिराळी असणे ही धोक्याची सूचना होय. न बोलणाऱ्या मुलासाठी पट्ट्यांच्या फलकांचा व थोड्या मोठ्या मुलासाठी चित्रांच्या तक्त्यांचा उपयोग करतात. थेंबांनी बाहुली मोठी करून, डोळ्यात फिरविलेल्या प्रकाशाच्या हालचालीवरून मुलाने काहीही न सांगता नंबर काढता येतो.

नेत्रवैद्यकातील पदव्युत्तर शिक्षणानंतर या शाखेचे विशेष प्रशिक्षण साधारणपणे एक ते दोन वर्षांचे असते. भारतात नवी दिल्ली, चेन्नई, हैदराबाद इ. ठिकाणच्या मोठ्या नेत्रसंस्थांत त्याची सोय आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात (स्थापना १९७६) पी. विजयालक्ष्मी यांनी या शाखेचा विभाग उभारून जर्मन गोवरामुळे होणाऱ्या जन्मजात नेत्रविकारांवर संशोधन केले. या तज्ज्ञास बालरोगतज्ज्ञ, लहान मुलांना भूल देणारा वैद्य, दृष्टिमापनतज्ज्ञ व समुपदेशक यांच्या सहकार्यावाचून काम करता येत नाही. एकाच रुग्णाशी त्याचा संबंध दहा-पंधरा वर्षे टिकतो. पट्टी लावल्यावर रडणाऱ्या मुलाच्या आईस धीर देणे, हाही या व्यवसायाचा भाग ठरतो.

भारत व महाराष्ट्र : १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातील अंध मुलांची संख्या सु. चौदा लाख अंदाजली व बालांधत्वाचे निवारण ही आपल्या दृष्टिविषयक मोहिमेतील एक अग्रक्रमाची बाब ठरविली. प्रौढांच्या तुलनेने ही संख्या लहान असली, तरी अंध बालकापुढे सारे आयुष्य असते, हे ध्यानात घेता तिचे महत्त्व मोठे आहे.

भारतात अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा मुलांना देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. त्यानुसार नऊ महिन्यांच्या वयात एक लाख एकके व पुढे दर सहा महिन्यांनी दोन लाख एकके, अशा पाच वर्षे वयापर्यंत एकूण नऊ मात्रा देतात. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये हाती घेण्यात आला. गोवर व जर्मन गोवर यांच्या संयुक्त लसीची मोहीम देशात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने राबविण्यात आली. महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. खुपऱ्यांचा रोग भारतातून सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केले.

या प्रयत्नांचा परिणाम अंधशाळांच्या पाहण्यांतून दिसतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नऊ राज्यांतील तेराशेहून अधिक मुलांच्या पाहणीत सु. २६ टक्के मुलांचे अंधत्व स्वच्छमंडलावरील वणांमुळे व डोळा आक्रसल्यामुळे आलेले होते आणि त्यामागे मुख्यतः अ जीवनसत्त्वाचा अभाव होता. परीक्षित गोगटे, मदन देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी महाराष्ट्रातील अंधशाळांची पाहणी करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीत सु. ४१ टक्के मुलांत डोळ्यांची जन्मजात व्यंगे व सु. २२ टक्के मुलांत स्वच्छमंडलाचे विकार आढळले. कुपोषणाचा वाटा घटत असता जन्मजात व आनुवंशिक कारणे पुढे येत आहेत, असा याचा अर्थ होतो. यांतील काही आनुवंशिक विकारांची शक्यता जवळच्या नात्यातील विवाहांमुळे वाढते. मामे-आते भावंडांच्या विवाहाची चाल असलेल्या दक्षिण महाराष्ट्रात या गोष्टीचा विचार होणे अगत्याचे आहे. अंधशाळेतील काही मुलांना केवळ चष्मा किंवा दृष्टिसाहाय्यक भिंगे दिल्याने उपयुक्त दृष्टी मिळू शकते, हेही अशा पाहण्यांतून पुढे आले.

ग्रामीण भागातील प्रश्न : उपचार माहीत असूनही दृष्टी का जाते, हे समजण्यासाठी कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यातील मलकापूरच्या परिसराचे उदाहरण घेता येईल. हे नगर कोल्हापूर–रत्नागिरी मार्गावर, कोल्हापूरच्या वायव्येस सु. ४५ किमी.वर वसले आहे. पश्चिमेस आंबा, गजापूर, विशाळगड हा डोंगराळ व अतिपावसाचा प्रदेश असून वस्ती वाड्यावाड्यांत विखुरलेली आहे. अशा वाडीवरील बालकाच्या बाहुलीतील पांढरी झाक प्रथम आईच्या किंवा आजीच्या नजरेस पडते. तेथून आशा कार्यकर्ती, प्राथमिक आरोग्य केंद्र, मलकापूर, कोल्हापूर व प्रसंगी मिरज, पुणे अथवा मुंबई, असे टप्पे ओलांडावे लागतात. भाताच्या लावणीचे दिवस असले, तर एका खेपेस दोन माणसांची मजुरी बुडते. सहा ते दहा आठवड्यांची मुदत या टप्प्यांतच संपून जाते. शस्त्रक्रिया वेळेवर झाली, तरी पुढील खेपा चुकल्यास, चष्मा फुटून तसाच राहिल्यास किंवा पट्टी सुटल्यास मंददृष्टिता ठाण मांडते.

नेत्रचिकित्सेची परंपरा या भागास नवी नाही. मिरज येथे विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये स्थापिलेल्या मिशन रुग्णालयात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी दूरदूरचे रुग्ण येत. परंतु रुग्णाने वैद्याकडे यावे ही पद्धत प्रौढाच्या मोतीबिंदूस चालते. बालकाच्या बाबतीत वैद्यकानेच पुढे जावे लागते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तालुक्यातील फिरत्या पथकांनी अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करावयाची असते. जन्मजात मोतीबिंदू, अकालजात बालकाचा जालपटल-विकार, अ जीवनसत्त्वाचा अभाव व दृष्टिदोष यांचा त्यात समावेश आहे. कर्नाटकात आनंद विणेकर यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या योजनेत प्रशिक्षित तंत्रज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणच्या नवजात विभागांत जाऊन जालपटलाची छायाचित्रे घेतात व बंगळुरू येथील तज्ज्ञ ती पाहून निदान करतात. तज्ज्ञांची संख्या थोडी असलेल्या प्रदेशास ही पद्धत उपयुक्त ठरली आहे.

पुनर्वसन : ज्या मुलांची दृष्टी वैद्यकीय उपायांनी पूर्ण सुधारत नाही, त्यांच्या बाबतीतही तज्ज्ञाचे काम संपत नाही. विवर्धक भिंगे, मोठ्या अक्षरांची पुस्तके, वर्गात पुढील बाकावर जागा व पुरेसा प्रकाश यांच्या साहाय्याने अल्पदृष्टीची बरीच मुले नेहमीच्या शाळेत शिकू शकतात. पूर्ण अंध मुलांना ब्रेल लिपी व हिंडण्याफिरण्याचे शिक्षण लवकर देणे हितावह असते. प्रत्येक नवजात बालकाच्या डोळ्यांतील लाल चमक पाहणे, शाळेत प्रवेश घेतेवेळी प्रत्येक डोळ्याची दृष्टी वेगवेगळी तपासणे आणि शंका आल्यास वाट न पाहता तज्ज्ञाकडे पाठविणे, एवढ्या तीन गोष्टी नियमाने झाल्या, तर टाळता येण्याजोग्या बालांधत्वाचा बराच भाग कमी होऊ शकेल.